पाळणाघराची फी कोणाच्या पगारातून?

प्रश्न : आम्ही घणसोली गावठाणात भाड्याच्या खोलीत राहतो. मी रबाळे एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या एका कंपनीत चार वर्षे तीन महिने कायम कामगार आहे आणि कपात होऊन माझ्या हातात १४,५०० रुपये येतात. यजमान तुर्भ्याच्या एका गोदामात कामाला आहेत. त्यांच्या हातात १९,००० रुपये येतात आणि त्यांची सुट्टी सहाला होते. मुलगी वीस महिन्यांची आहे. तिला सांभाळणाऱ्या काकू महिन्याला ३,८०० रुपये घेतात. पण माझी पाळी सातला सुटते आणि साडेसहानंतरचे पैसे वेगळे असल्याने हा आकडा ४,५०० वर जातो. बाकीचा खर्च असा : भाडे ९,०००, लाईट-पाणी १,१००, किराणा ६,५००, दूध-भाजी ४,०००, गॅस ९००, माझी रिक्षा १,२००, यजमानांचे पेट्रोल २,०००, गावी सासूबाईंना २,०००, रिचार्ज ६००, मुलीचे डॉक्टर व औषधे ७००, आणि यजमानांच्या फोनचा हप्ता १,८००, जो अजून पाच महिने चालेल. दर महिन्याला आठशे रुपये कमी पडतात आणि ते कोणाकडून तरी उसने घ्यावे लागतात. यजमान म्हणतात की तुझा निम्मा पगार पाळणाघरात आणि रिक्षात जातो, त्यापेक्षा नोकरी सोड. सासूबाई मुलीला पाटण तालुक्यातल्या गावी सांभाळायला तयार आहेत. शेजारच्या ताई सांगतात की उत्पन्न कमी दाखवून लाडकी बहीण योजनेचा अर्ज भर. मी काय करावे?
एक वाचक, घणसोली

उत्तर : तुम्ही हिशेब इतका स्वच्छ मांडला आहे की अर्धे उत्तर त्यातच आहे. आधी यजमानांचे म्हणणे त्याच आकड्यांवर तपासू. तुमचा आजचा खर्च ३४,३०० आहे आणि उत्पन्न ३३,५००. तुम्ही नोकरी सोडलीत तर पाळणाघराचे ४,५०० आणि रिक्षाचे १,२०० वाचतील, म्हणजे खर्च २८,६०० वर येईल. पण घरात येणारी रक्कम १९,००० उरेल. आज आठशेची असलेली तूट ९,६०० होईल. ती भरून काढायला भाडे कमी होणार नाही आणि किराणाही नाही. तेव्हा घरी बसणे हा तुमच्यापुढचा स्वस्त मार्ग नाही, सगळ्यात महाग मार्ग आहे.

असा प्रस्ताव समंजस माणसाच्या तोंडूनही का निघतो, हे समजून घेण्यासारखे आहे. पाळणाघराची फी नेहमी आईच्या पगारातून वजा केली जाते. मूल दोघांचे, नोकऱ्या दोघांच्या, आणि मूल सांभाळले गेले नाही तर अडचण खरे तर दोघांच्याही कामाची होते. पण वजाबाकी एकीच्याच पगारातून होते आणि मग तो पगार क्षुल्लक दिसू लागतो. भाडे कोणी एकाच्या पगारातून वजा करून त्याला ‘तुझ्या हाती काय उरते’ असे विचारत नाही. पाळणाघराची फी भाड्याच्या आणि किराणाच्या रांगेत, दोघांच्या एकत्र ३३,५०० समोर लिहा, म्हणजे चर्चेचा सूर आपोआप बदलेल.

दुसरे असे, की हातात येणारे १४,५०० हा तुमचा पूर्ण पगार नव्हे. पगारपत्रक काढून पाहा. तुमचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,००० च्या आसपास असेल, असे धरून सांगतो. त्यावर १२ टक्के म्हणजे १,५६० रुपये तुमचे भविष्य निर्वाह निधीत जातात आणि तेवढीच रक्कम मालक भरतो, ज्याचा मोठा भाग निवृत्तिवेतनाच्या खात्याकडे वळतो. निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते. खात्यातून पैसे न काढता पुढच्या नोकरीत तोच यूएएन, म्हणजे निधीचा कायमचा खाते क्रमांक, चालू ठेवला तर ही वर्षे जोडली जातात. ग्रॅच्युइटीचा मुद्दा तर तुमच्या बाबतीत फारच जवळ येऊन ठेपला आहे. कायम कामगाराला पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे, महिन्याचे कामाचे दिवस २६ धरून ग्रॅच्युइटी मिळते. १३,००० वर ही रक्कम वर्षाला ७,५०० आणि पाच वर्षांची ३७,५०० होते. आज राजीनामा दिलात तर ती रक्कम हातची जाईल. नऊ महिने थांबलात तर ती तुमच्या हक्काची होईल. पगारपत्रकात व्यवसाय कराचे दोनशे रुपये कापलेले दिसले तर तेही विचारा, कारण १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे. यजमानांचा मात्र कापला जाणारच.

याच पत्रकात ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात असेल. महिना २१,००० पर्यंतच्या पगारावर कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के असतो, आणि त्यात मुलीचे उपचारही येतात. वाशीत आणि ठाण्यात वागळे इस्टेटला या योजनेची रुग्णालये आहेत. साध्या सर्दीतापासाठी अर्धा दिवसाचा खाडा करून रांगेत उभे राहणे परवडत नाही, हे मला मान्य आहे. ते गल्लीतल्या डॉक्टरांकडेच होऊ द्या. पण रक्ततपासणी, क्ष-किरण किंवा दाखल करण्याची वेळ आली तर पैसे भरून दुसरीकडे जाऊ नका, आणि त्यासाठी मुलीचे नाव तुमच्या ईएसआय नोंदीत घातले आहे ना, हे आजच पाहून ठेवा. लसींचेही तसेच. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर असतो. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात दोन्ही मोफत मिळतात.

आता आठशे रुपयांच्या भगदाडाकडे येतो. ३,८०० ची फी ४,५०० होते ती केवळ उशिरामुळे, म्हणजे तुटीतले सातशे रुपये तिथेच आहेत. तुमची पाळी सातला सुटते आणि यजमान सहाला मोकळे होतात; त्यांच्याकडे दुचाकीही आहे. तुर्भ्याहून घणसोली ही काही लांबची वाट नव्हे. मुलीला आणण्याचे काम आठवड्यातले सहाही दिवस त्यांनी उचलले, तर हे सातशे रुपये कोणतीही काटकसर न करता वाचतात. हे त्यांच्यावरचा दोषारोप म्हणून मांडू नका. हिशेबाची वही पुढे ठेवून मांडा. उरलेले शंभर रुपये लाईटबिलात सापडतील असा माझा अंदाज आहे. गावठाणात बऱ्याचदा तीन-चार खोल्या एकाच मीटरवर असतात आणि घरमालक युनिटमागे ठरावीक दर लावतो. शंभर युनिटांपर्यंतचा महावितरणचा दर आणि त्यापुढचा दर यांत मोठे अंतर आहे. सगळ्यांचा वापर एकत्र मोजला की कमी वापरणाऱ्यालाही वरच्या टप्प्याचा दर पडतो. स्वतंत्र मीटर मागण्याची योग्य वेळ म्हणजे अकरा महिन्यांच्या कराराचे नूतनीकरण. पाच महिन्यांनी फोनचा हप्ता संपला की १,८०० रुपये मोकळे होतील. ते कोणत्याही नव्या वस्तूच्या हप्त्यात न घालता, आधी उसनवारी फेडा आणि मग बँकेत आवर्ती ठेव सुरू करा.

कंपनीकडेही एक मागणे आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, ही तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आली आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभाही त्यात आहे. रबाळे-महापे पट्ट्यातल्या लहान कंपन्यांना एकत्र येऊन सामाईक सोय करण्याचाही मार्ग मोकळा आहे. कागदावर आहे ते आवारात दिसतेच असे नाही, हे मी वाचकांच्या पत्रांवरून जाणतो. तुमच्या कंपनीत तेवढी माणसे असतील तर एकटीने तोंडी विचारू नका. लहान मुले असलेल्या चार-पाच जणींनी, शक्य तर एखाद्या बापानेही, सहीचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पाळणाघर उभारणे जमत नसेल तर जवळच्या पाळणाघराच्या फीचा काही भाग कंपनीने सोसावा, अशी पर्यायी मागणी त्याच अर्जात लिहावी. ती मान्य होण्याचा संभव अधिक असतो, कारण व्यवस्थापनाला त्यात जागा अडवावी लागत नाही.

लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरू नका. त्या योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते आणि तुमचे चार लाखांच्या घरात जाते. खोटी माहिती देऊन मिळणारे दरमहा १,५०० रुपये पडताळणीत बंद होतील आणि वर डोक्याला घोर लागेल. तुमच्यासारख्या घरांची कोंडी नेमकी इथे आहे : सरकारी योजनांच्या उत्पन्नमर्यादा ओलांडण्याइतके ते कमावते आणि बाजारभावाने मूल सांभाळून घ्यायला ते उत्पन्न पुरत नाही. शिधापत्रिकेच्या रंगावर किंवा एक लाखाच्या दाखल्यावर चालणाऱ्या योजनांमागे धावण्यात तुमच्या सुट्ट्या खर्ची पडतील. मात्र अंगणवाडीला उत्पन्नाची अट नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची ही केंद्रे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. तीन वर्षांखालच्या मुलांना घरी नेण्याचा पोषण आहार मिळतो आणि तिसऱ्या वर्षापासून काही तासांचे पूर्वप्राथमिक शिक्षण. म्हणजे आणखी सोळा महिन्यांनी सकाळचे तास अंगणवाडीत आणि उरलेले काकूंकडे, अशी घडी बसू शकते. तिथून मुलीला आणणे काकूंना जमेल का आणि फी किती कमी होईल, हे आत्ताच बोलून ठेवायला हरकत नाही.

सासूबाईंविषयी पैशाच्या सदरातला माणूस म्हणून जपून लिहितो. ज्या घराची तूट आठशे रुपये आहे आणि ती मुलीला आणण्याची वेळ बदलून भागते, त्या घराने वीस महिन्यांचे मूल आईबापांपासून दूर ठेवू नये असे माझे मत आहे. शिवाय महिन्यातून एकदा दोघांनी गावी जाऊन यायचे म्हटले, तर एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट असूनही प्रवास, खाऊ आणि बुडालेला रोज धरून वाचलेल्या फीतला बराच भाग वाटेतच जाईल. सासूबाईंना दोन महिने इकडे बोलावणे, विशेषतः मुलगी आजारी पडते त्या पावसाळ्यात, हे अधिक उपयोगी आहे. मात्र त्या महिन्यांत काकूंची जागा सुटू नये म्हणून निम्मी फी देण्याचे ठरवून घ्या. खाडे वाचले तर ती निम्मी फी भरून निघते.

प्रश्न : मी टेम्पोचालक असून दिव्यात राहतो. महिना २२,००० मिळतात, पत्नी घरी शिलाई करून तीन-चार हजार मिळवते. मोठा मुलगा खासगी इंग्रजी शाळेत दुसरीला आहे. वार्षिक फी ३०,०००, आणि वह्या-गणवेश वेगळा. गेल्या जूनमध्ये मोबाईलवरच्या अ‍ॅपवरून १५,००० चे कर्ज घेतले, हातात १३,२०० आले आणि तीन महिन्यांत १६,५०० फेडले. पुढच्या वर्षी धाकटीलाही शाळेत घालायचे आहे. आरटीईमधून दोघांचे होईल का?
एक वाचक, दिवा

उत्तर : मोठ्याचे होणार नाही, कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागा शाळेच्या प्रवेशस्तरावरच भरल्या जातात. धाकटीसाठी दुर्बल घटकातून अर्ज करायला वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागते, आणि तुमचे अडीच लाखांच्या वर आहे. मात्र तुम्ही वंचित गटात, उदाहरणार्थ अनुसूचित जाती-जमातींत मोडत असाल आणि जातीचा दाखला जवळ असेल, तर उत्पन्नाची अट लागत नाही. अर्ज ऑनलाइन असतो आणि निवड सोडतीने होते, म्हणून केवळ त्याच भरवशावर राहू नका.

कर्जाचा हिशेब तुमच्या डोळ्यांसमोर आला नसेल म्हणून लिहितो. हातात आलेल्या १३,२०० वर तीन महिन्यांत ३,३०० जादा गेले, म्हणजे तिमाहीत २५ टक्के. एवढ्या दराने कोणताही पगार पुरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्ज देणाऱ्याने सगळे शुल्क धरून वार्षिक टक्केवारी दाखवणारे पत्रक कर्जाआधी द्यावे लागते. पुढे कधी अशी गरज पडलीच तर ते पत्रक वाचल्याशिवाय संमती देऊ नका, आणि जे अ‍ॅप ते दाखवतच नाही त्याच्या वाटेला जाऊ नका. फीसाठी शाळेकडे लेखी अर्ज करून चार हप्ते मागा. शाळेची माणसे अशा अर्जाला वाटते तितकी कठोर नसतात. फी बुडवणाऱ्यापेक्षा हप्ता मागणारा पालक त्यांना बरा वाटतो.

धाकटीला त्याच शाळेत घालू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. साठ हजारांची फी म्हणजे तुमच्या दोघांच्या अडीच महिन्यांच्या कमाईच्या आसपासची रक्कम होते. महापालिकेच्या शाळा किंवा ठाणे-कळव्यातल्या जुन्या अनुदानित मराठी शाळा जाऊन पाहा. त्यांतल्या काहींमध्ये सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके व दुपारचा आहारही मिळतो. लोक काय म्हणतील हा प्रश्न दिव्याच्या चाळीतही असतो, हे मी नाकारत नाही. पण ‘भावाला इंग्रजी आणि बहिणीला मराठी’ असा भेद मात्र होऊ देऊ नका. धाकटीला जी शाळा योग्य वाटेल, ती मोठ्यासाठीही चालेल का, याचा विचार दोघांनी एकत्र करावा. दुसरीतून तिसरीत जाताना शाळा बदलणे आठवीत बदलण्यापेक्षा सोपे जाते.

प्रश्न : मी ठाण्याच्या लोकमान्य नगरात राहत्या घरी पाच मुले सांभाळते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, रविवार सोडून. प्रत्येकाचे ३,५०० घेते. दूध आणि दुपारचा वरणभात माझाच. दोन पालक पैसे वीस तारखेनंतर देतात, एक आई धुणीभांडी करते आणि तिचे दोन महिने थकले आहेत. फी वाढवायची म्हटले की माझेच मन खाते, कारण सगळे माझ्यासारखेच आहेत.
एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचे पत्र पहिल्या पत्राशेजारी मुद्दाम छापत आहे. घणसोलीच्या वाचकाला जे ओझे वाटते तेच तुमचे उत्पन्न आहे, आणि दोन्ही बाजू तंगीतच आहेत. महिन्याचे २६ दिवस आणि रोजचे दहा तास धरले तर २६० तास होतात; ३,५०० ला त्याने भागल्यावर एका मुलामागे तासाला साडेतेरा रुपये येतात, आणि त्यातूनच दूध, डाळ-तांदूळ, गॅस व साबण जातो. या दरात दया दाखवायला जागाच उरलेली नाही. फी वाढवा, मात्र एक महिना आधी सांगा आणि सगळ्यांना एकदम सांगा. फी आणि जेवण वेगळे धरणे मला अधिक योग्य वाटते : सांभाळण्याचे ३,५०० तेच ठेवून, जेवण-दुधाचे ६०० वेगळे लावा आणि ज्यांना डबा पाठवायचा असेल त्यांना ती मोकळीक द्या. वाढ डोळ्यांना कमी टोचते आणि डाळ महागली की तुम्हाला मूळ फीला हात लावावा लागत नाही.

पैसे आगाऊ आणि पाच तारखेच्या आत, हा नियम एका कागदावर लिहून प्रत्येक पालकाची सही घ्या. त्याच कागदावर सुटीच्या दिवसांचे काय, ताप असलेले मूल आणायचे की नाही, आणि मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकते त्यांची नावे असावीत. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. ओळखीतल्या वस्तीत ती लिहायला संकोच वाटतो, म्हणूनच सगळ्यांकडून सारखी लिहून घ्यावी. पैसे घरखर्चाच्या डब्यात न टाकता वेगळ्या बचत खात्यात घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंद, ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. ती आणि खात्याची नियमित नोंद हाताशी असली तर पुढे बँकेकडे लहान कर्ज मागताना सांगायला काही राहते. एका खोलीत पाच मुले म्हणजे सिलिंडर आणि पाण्याचा पिंप मुलांच्या वावरापासून दूर अडवलेला हवा, आणि तुम्ही आजारी पडल्यास कोण येणार हे पालकांना माहीत हवे. सहावे मूल मात्र घेऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी.

धुणीभांडी करणाऱ्या आईची थकबाकी एकदम मागितलीत तर ती मुलाला घेऊन जाईल आणि तुमचे सात हजार कायमचे बुडतील. तिची कामे बहुधा सकाळी आठ ते एकपर्यंत असतात. तसे असेल तर तिला अर्ध्या दिवसाची २,००० रुपये फी लावा आणि जुन्या बाकीचे महिना ५०० रुपये फेडायला सांगा. चौदा महिने लागतील, पण तिला महिन्याला २,५०० झेपतील आणि ३,५०० झेपत नाहीत हे दोन महिन्यांच्या थकबाकीने दाखवलेच आहे. तिची दुपार मोकळी झाल्यावर तुमच्याकडे त्या वेळेत एक जागा रिकामी राहते. शाळेतून साडेबाराला सुटणाऱ्या एखाद्या बालवाडीच्या मुलासाठी ती देता येईल, आणि अशी गरज असलेले पालक वर्तक नगर ते यशोधन नगरच्या पट्ट्यात तुम्हाला फार शोधावे लागणार नाहीत.